ठरलेल्या पैशांत आठवड्याचा स्वयंपाक: मुंबईतल्या चौघांच्या घराचा हिशोब

रात्रीचे साडेआठ. भांडुपला उतरून, स्टेशनबाहेरची गर्दी ओलांडून घरी यायचं, चपला काढायच्या आणि फ्रिज उघडायचा. खालच्या खणात शनिवारी आणलेली मेथीची जुडी पिशवीत तशीच पडलेली. बाहेरची पानं पिवळी, आतली ओलीचिक्क, आणि रबर लावलेल्या जागी देठ काळे पडलेले. निवडायला बसायचं त्राण नसतं, आणि निवडली तरी निम्मी टाकूनच द्यावी लागणार. मग कुणीतरी म्हणतं, "आज बाहेरूनच मागवू या." चौघांचं जेवण पाचशेच्या घरात जातं. मेथीचे पैसे वाया गेले ते वेगळेच.

आमच्या घरचं बजेट कित्येक वर्षं याच वेळेला कोसळत होतं. भाव करण्यात मी कमी पडत नव्हते, दोन रुपयांसाठी चार गाड्या फिरून भाजी घेत होते. पण घेतलेली भाजी ताटात पोचतच नव्हती. म्हणून भाजी स्वस्त कुठे मिळते यावर मी इथे थोडंच लिहिलं आहे. आणलेलं सगळं वेळेवर शिजावं आणि दमून आलेल्या रात्रीही घरात जेवण तयार व्हावं, यासाठी काय करायचं यावरच भर आहे. आम्ही चौघं आहोत: मी, नवरा, सासूबाई आणि आठवीतला मुलगा. सकाळी तीन डबे जातात. तुमच्या घरी माणसं कमी-जास्त असतील तर आकडे त्या प्रमाणात बदलून घ्या.

आधी दोन आठवडे फक्त लिहा

एक साधी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: काय आणलं, काय टाकलं, बाहेरचं काय खाल्लं. या दोन आठवड्यांत काहीही सुधारायचं नाही, जसं चाललंय तसंच चालू द्यायचं. प्रत्येक नोंदीपुढे अंदाजे रुपये लिहायचे. बाहेरच्या रकान्यात हॉटेलच्या जेवणाबरोबर स्टेशनवरचा वडापाव, ऑफिसात डबा नेला नाही म्हणून घेतलेलं जेवण, मुलाला मधल्या सुट्टीसाठी दिलेले वीस रुपये, हे सगळं यायला हवं.

टाकलेल्या वस्तूंचा रकाना भरताना हात अडखळतो, पण तोच सगळ्यात उपयोगी आहे. आमच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यात दीड जुडी कोथिंबीर, अर्धा कोबी, एक जुडी मेथी, तीन वेळा वाटीभर आमटी आणि पावाची अर्धी लादी होती. सगळं मिळून दोनशे-सव्वादोनशे रुपये झाले. बाहेरच्या रकान्याची बेरीज १,५४० आली. दोन्ही रकाने शेजारी ठेवून पाहिल्यावर लक्षात आलं की ज्या दिवशी भाजी टाकली, जवळजवळ त्याच दिवशी बाहेरून मागवलं होतं.

पैसे तीन जागी वेगळे काढा

जेवणाचा सगळा खर्च एकाच आकड्यात धरला की हाताशी काहीच लागत नाही. दूध, वाणसामान आणि आठवड्याची ताजी खरेदी यांचा हिशोब वेगवेगळा ठेवा. आमच्याकडे दिवसाला दीड लिटर दूध लागतं, त्याचे महिन्याला साधारण २,७०० रुपये होतात. वाणसामान ४,८०० पर्यंत बसवते. आणि ताज्या खरेदीला आठवड्याला १,३०० रुपये. गॅसचा खर्च यात धरलेला नाही.

इथे एक चूक बहुतेक जण करतात, मीही केली होती. आठवड्याचा आकडा चारने गुणून महिन्याचा खर्च धरायचा नाही. वर्षात ५२ आठवडे असतात, म्हणजे महिन्याला ४.३३. आमचे १,३०० रुपये महिन्याला ५,२०० न होता ५,६०० च्या पुढे जातात. महिनाअखेरीला दरवेळी चारशे रुपये कमी पडायचे, त्याचं कारण हे होतं. असा सगळा मिळून महिन्याचा खर्च तेरा हजारांच्या थोडा वर जातो.

आठवड्याच्या १,३०० ची वाटणी अशी: भाजी ५५०, फळं २५०, डझनभर अंडी ९०, मासे किंवा चिकन ३५० आणि लिंबू-मिरची-पाव अशा किरकोळ गोष्टींना ६०. हे पैसे मी शनिवारी रोख काढून वेगळ्या पाकिटात ठेवते. यूपीआयने दहा-वीस-चाळीस देत गेलं की किती गेले ते कळत नाही. तसे द्यावेच लागले, तर तेवढी रोकड लगेच पाकिटातून काढून दुसऱ्या कप्प्यात टाकते. पाकीट रिकामं झालं की त्या आठवड्याची खरेदी संपली.

पैसे याहून कमी असतील तर आधी फळांचा प्रकार बदला: सफरचंदाऐवजी केळी, पेरू, पपई. मग सुरमई-पापलेट बाजूला ठेवून बांगडा, मांदेली घ्या. मुलांचं दूध आणि डाळ-कडधान्य यांना मात्र शेवटपर्यंत कात्री लावू नका. शिधापत्रिकेवर धान्य मिळत असेल तर ते न चुकता उचला. अन्न सुरक्षा योजनेतल्या प्राधान्य कुटुंबांना माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तो तांदूळ भाताला आवडत नसेल तर आंबोळी, घावन आणि इडलीच्या पिठाला तो चांगला लागतो, आणि तुमचा विकतचा तांदूळ तेवढा कमी लागतो.

किती लागतं ते मोजून घ्या

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या ताटाचं माप दिलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळ-कडधान्य किंवा अंडी-मासे-मांस मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली. हे माप २,००० कॅलरीच्या आहाराचं आहे. चार माणसं आणि सात दिवस धरले तर धान्य ७ किलो होतं, आणि डाळी-कडधान्यं, अंडी-मासे मिळून साधारण २.४ किलो.

हा दुसरा आकडा पाहून मी आमच्या आमटीकडे नव्याने पाहिलं. आम्ही चौघांच्या आमटीला एक वाटी तूरडाळ घेत होतो. ती तराजूवर टाकली तर १२० ग्रॅम भरली, म्हणजे माणशी ३० ग्रॅम. तेवढ्या आमटीवर दिवस निभावला तर डाळ निम्म्याहून कमी पोटात जाते, आणि भूक भागवायला पोळ्या आणि भात वाढतो. मुलगा जेवून उठल्यावर तासाभरात बिस्किटांचा डबा का उघडतो, तेही तेव्हा कळलं. तेव्हापासून आठवड्यात तीन वेळा उसळ ठरलेली आहे. डाळीच्या डब्यात मापाची वाटी कायमची ठेवली आहे, त्यामुळे अंदाजाने ओतायचं बंद झालं.

बाकीची मापं पटकन सांगते. एक किलो कणकेच्या २८ ते ३० पोळ्या होतात. दिवसाला चौदा पोळ्या लागत असतील तर आठवड्याला साडेतीन किलो आणि महिन्याला १५ किलो गहू पुरतात. उसळीला माणशी ५० ग्रॅम कोरडं कडधान्य घ्या. भाजी कांदे-टोमॅटो धरून आमच्याकडे आठवड्याला नऊ-दहा किलो येते. पोषण संस्थेच्या मापाला ती थोडी कमी पडते, ती तूट काकडी-गाजराच्या कोशिंबिरीने भरून काढायचा प्रयत्न असतो.

आठवडा नासण्याच्या क्रमाने लावा

बहुतेक जण सोमवारी काय, मंगळवारी काय अशी पदार्थांची यादी करतात. तीन दिवसांत ती मोडते, कारण गुरुवारी ठरवलेली पालकाची भाजी गुरुवारपर्यंत टिकत नाही. मी उलट बाजूने जाते. पिशवीतली जी भाजी सगळ्यात आधी खराब होणार, ती सगळ्यात आधी शिजते.

मुंबईच्या हवेत हा क्रम असा लागतो. पालक, मेथी, माठ, शेपू, चवळी या पालेभाज्या पहिल्या दोन दिवसांत. त्यानंतर भेंडी, गवार, वांगी, काकडी. मग फ्लॉवर, फरसबी, सिमला मिरची. कोबी, दुधी, गाजर, बीट आठवडाभर तग धरतात. न कापलेला लाल भोपळा, सुरण, बटाटे यांना घाई नाही. ज्या दिवशी ताजं काहीच उरत नाही त्या दिवसासाठी डब्यातली कडधान्यं आणि पिठं आहेतच.

दुसरा नियम डब्यावरून येतो. सकाळी डब्याला कोरडी भाजी-पोळी लागतेच. तीच दिवसाची भाजी. सासूबाईही दुपारी तीच जेवतात. रात्री दुसरी भाजी करायची नाही. रात्री आमटी, उसळ किंवा रस्सा, भात आणि कोशिंबीर. रोज दोन भाज्यांची सवय मोडायला आमच्याकडे महिना गेला, पण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त वेळ याच एका बदलाने वाचला.

आणि तिसरा, वार सांभाळायचे. आमच्याकडे सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार शाकाहारी, म्हणून अंडी आणि मासे बुधवार, शुक्रवार, रविवारवर येतात. हे तीन नियम एकत्र केले की आठवडा असा दिसतो:

रविवार: दुपारी मासे किंवा चिकन. रात्री पालक घातलेली मुगाची डाळ आणि भात.
सोमवार: डब्याला मेथी. रात्री तुरीची आमटी, भात, काकडीची कोशिंबीर.
मंगळवार: डब्याला भेंडी किंवा गवार. रात्री मोडाच्या मटकीची रस्सा-उसळ.
बुधवार: डब्याला त्याच मटकीची सुकी उसळ. रात्री अंड्याचा रस्सा.
गुरुवार: डब्याला कोबी. रात्री वालाचं बिरडं किंवा चवळीची आमटी.
शुक्रवार: डब्याला चणाडाळ घातलेला दुधी. रात्री सुकट आणि तांदळाची भाकरी.
शनिवार: डब्याला बटाट्याच्या काचऱ्या किंवा लाल भोपळा. रात्री पिठलं-भात.

यात उपास बसवायचा असेल तर एक सांगते. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, बटाटे यांची बेरीज साध्या जेवणापेक्षा महाग पडते. संकष्टी-एकादशीचा आठवडा असेल तर तो खर्च किरकोळमध्ये न टाकता आधीच वेगळा लिहा. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी त्यात सगळ्यात पोटभरीची.

आता त्या साडेआठच्या वेळेबद्दल. आठवड्यातल्या कुठल्या दोन रात्री उशीर होतो हे नोकरी करणाऱ्याला साधारण माहीत असतं. माझा मंगळवार आणि शुक्रवार. या दोन रात्रींचं जेवण वीस मिनिटांच्या आत व्हायला हवं, असाच पदार्थ तिथे लिहायचा. मंगळवारी मटकी मोड आलेली असते आणि वाटण तयार असतं, फक्त फोडणी द्यायची. शुक्रवारी सुकट निवडून भाजून ठेवलेली असते आणि भाकऱ्या सासूबाई थापतात. शिवाय घरात एक राखीव जेवण कायम असावं: कुळथाचं पीठ, बेसन, मुगाची डाळ, चार अंडी. लोकल बंद पडली, पाऊस कोसळला, तरी कुळथाचं पिठलं आणि भात अर्ध्या तासात होतो. हे राखीव सामान वापरलं की त्याच आठवड्यात परत भरायचं.

बाजारात

मी शनिवारी संध्याकाळी कामावरून परतताना दादरला उतरते. पहाटे तिथे घाऊक भाव मिळतो, पण माल मोठ्या मापाने घ्यावा लागतो. चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून कांदे, बटाटे, टोमॅटो घेतले तर ती फेरी परवडते. एकट्या घरासाठी वाशीच्या बाजार समितीपर्यंत जाण्यात मला अर्थ वाटत नाही, जाण्या-येण्यात आणि जास्तीच्या खरेदीत वाचलेले पैसे जातात.

भाजीवाले भाव पावकिलोचा सांगतात. "पंचवीसला पाव" ऐकायला हलकं वाटतं, पण किलोला शंभर झाले. मनातल्या मनात चारने गुणायची सवय लावा. माझी रेघ अशी आहे: किलोला ऐंशीच्या वर गेलेली भाजी त्या आठवड्यात नाही, तिच्या जागी चालणारी दुसरी घ्यायची. भेंडी महाग असेल तर गवार, फ्लॉवर महाग असेल तर कोबी. म्हणूनच फ्रिजच्या दारावर लावायच्या आठवड्याच्या कागदावर मी "भेंडी किंवा गवार" असं लिहिते. एकाच भाजीचं नाव लिहून बाजारात गेलं की तिच्या भावाला बांधून घेतल्यासारखं होतं.

जुडीचं गणित आणखी वेगळं. मेथीची जुडी निवडली की बऱ्याचदा निम्मीच उरते. मुळं मातीसकट असतील तर त्याहून कमी. दहा रुपयांनी स्वस्त पण देठाळ जुडीपेक्षा भरगच्च पानांची जुडी घ्यावी. ओल्या जुड्या टाळा. पाणी मारलेली भाजी ताजी दिसते आणि दुसऱ्या दिवशी सडते.

मासे कोळणीकडे वाट्याने मिळतात. वाटा उचलण्याआधी त्यात किती नग आहेत आणि साफ केल्यावर किती उरेल हे पाहा. मांदेली लहान, वेळ खातात, पण वाट्यात चौघांचं भागतं. बांगडा घेताना डोळे स्वच्छ आणि कल्ला आतून लाल हवा, बोटाने दाबल्यावर मांस परत वर यायला हवं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचा भाव चढतो. लगेच पुढे बहुतेक घरांत श्रावण पाळला जातो. त्या काळात रविवारचे ३५० रुपये मी अंडी, पनीर आणि जास्तीच्या कडधान्यांकडे वळवते. जवळा आणि सुके बोंबील मे महिन्यातच भरून ठेवलेले असतात.

घरपोच देणाऱ्या अॅपवर भाजी मागवण्याला माझा विरोध नाही, पण फुकट डिलिव्हरीच्या किमान रकमेसाठी आपण काय काय टोपलीत टाकतो ते एकदा वहीत लिहून पाहा. कोथिंबीर हवी होती म्हणून अडीचशेचं बिल झालेलं मी आमच्याच घरी पाहिलं आहे. बुधवारी टोमॅटो-कोथिंबीर संपली तर घराजवळच्या गाडीवरून वीस रुपयांची घ्या. किलोमागे ती महाग पडेल, पण वीसच रुपये जातील.

वाणसामान आणि बेगमी

वाणसामान महिन्यातून एकदाच. यादी दुकानात उभं राहून करायची नाही, डबे उघडून करायची. पाकिटावर एमआरपीजवळ प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर छापलेला असतो, तुलना त्याची करा, "१० टक्के जादा" या शब्दांची नको. तेलाच्या पिशव्या खास पाहून घ्या. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण सारख्याच दिसणाऱ्या काही पिशव्यांत त्याहून कमी असतं.

मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत माहीत नसेल तर जरूर चौकशी करा. १९७५ पासून शेजारपाजारची घरं संघ करून एकत्र मागणी नोंदवतात आणि महिन्याचं सामान संघाच्या घरी येतं, तिथे सगळे मिळून वाटून घेतात. भावाइतकाच मोठा फायदा म्हणजे यादी आधी द्यावी लागते. दुकानातल्या फळीसमोर होणारी उचलाउचल आपोआप थांबते.

मसाला आम्ही वर्षाचा एकदाच करतो, एप्रिलमध्ये लालबागला मिरच्या आणि गरम मसाला घेऊन तिथेच कुटून आणतो. त्या महिन्याचं बजेट फुगतं, म्हणून नोव्हेंबरपासून दर महिन्याला थोडे पैसे त्यासाठी बाजूला काढते. एवढी सोय असली तरी सगळ्याची बेगमी करू नका. पावसाळ्यात इथली हवा रवा, बेसन, मैदा यांत पोरकिडे करते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रवा भाजून ठेवा आणि पिठं पंधरा दिवसांपुरतीच आणा. स्वस्त मिळाला म्हणून पाच किलो घेतलेला रवा दोन किलो टाकावा लागला तर तो स्वस्त नव्हता.

रविवारचे दोन तास

सगळ्या आराखड्याचा जीव इथे आहे. हे दोन तास काढता आले नाहीत तर वर लिहिलेलं काहीच टिकत नाही.

आम्ही शनिवारी रात्री जेवण झाल्यावर जमिनीवर वर्तमानपत्र पसरून पालेभाजी निवडायला बसतो. पहिल्यांदा मी टाळाटाळ करत होते तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "अगं, आजच निवडून टाक, उद्यावर टाकलीस की ती उद्याचीच राहते." टीव्ही चालू असतो, मुलगा देठ मोडतो. निवडलेली मेथी धुवायची नाही. कोरड्या सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवली की मंगळवारपर्यंत हिरवी राहते. धुवायची ती चिरण्याआधी. कोथिंबिरीची मुळं कापून, पिवळी पानं काढून, डब्यात खाली-वर कागद घालून ठेवा. कागद ओला झाला की बदला. आठवडा सहज जातो.

रविवारी सकाळी वाटण. चार कांदे उभे चिरून तेलावर तांबूस होईपर्यंत परतायचे, त्यात वाटीभर किसलेलं सुकं खोबरं घालून ते खरपूस करायचं, दहा लसूण पाकळ्या, बोटभर आलं, आणि गार झाल्यावर कमीत कमी पाण्यात वाटायचं. गरम असताना वाटलं तर चव उतरते. हे वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीजरमध्ये टाकते. दोन-तीन चौकोन म्हणजे एक उसळ. मंगळवारची मटकी, बुधवारची अंडी, गुरुवारची चवळी, तिन्ही यावर निघतात. एक नारळ खवून त्याचेही लहान डबे फ्रीजरमध्ये.

मटकीचं वेळापत्रक असं. दोन वेळच्या उसळीसाठी ४०० ग्रॅम मटकी रविवारी रात्री भिजत घालायची. सोमवारी सकाळी पाणी काढून, दोनदा धुऊन, चाळणीत निथळून सुती फडक्यात घट्ट बांधायची. उन्हाळ्यात सोमवारी रात्रीपर्यंत मोड येतात, डिसेंबर-जानेवारीत मंगळवार सकाळ होते. मोड अर्ध्या इंचाचे झाले की फडकं सोडून फ्रिजमध्ये टाका. मे महिन्यात जास्त वेळ बाहेर राहिली की बुळबुळीत होते आणि आंबूस वास येतो, अशी मटकी वापरायची नाही. मोड आणायचे असोत वा नसोत, काय कधी भिजत घालायचं ते भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. आमच्याकडे वालांची आठवण मंगळवारी रात्री सासूबाई करतात, कारण वालांना भिजणं, मोड येणं आणि सोलणं धरून दोन दिवस हवेत.

डाळ मात्र आठवड्याची शिजवून ठेवू नका. दोन दिवसांपुरती शिजवा. कुकरला खाली डाळीचा डबा, वर तांदूळ, फटीत दोन बटाटे असं एकदम लावा, आणि तूरडाळ अर्धा तास आधी भिजवा. पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक. एवढ्याने गॅस वाचल्याचं दोन-तीन महिन्यांत बिलावर किंवा सिलिंडरच्या दिवसांवर दिसतं.

उरलेलं

मुंबईच्या उकाड्यात शिजलेलं अन्न ओट्यावर रात्रभर ठेवण्यासारखं नाही. जेवणं आटोपली की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचं, आणि गरम करताना चांगलं वाफाळेपर्यंत करायचं. भाताच्या बाबतीत हे जास्त काटेकोर पाळा.

फोडणीचा भात आणि पोळीचा कुस्करा सगळ्यांना येतो. उरलेली घट्ट आमटी थालीपिठाच्या भाजणीत मळता येते. दुधीची आणि दोडक्याची सालं तीळ-मिरचीवर परतून चटणी होते, फ्लॉवरचे कोवळे देठ रश्श्यात जातात. पण उरलेल्याची चलाखी करण्यापेक्षा कमी उरवणं बरं. सलग दोनदा भात उरला तर तिसऱ्या दिवशी अर्धी वाटी तांदूळ कमी घ्या.

भाव चढले, पाहुणे आले

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला तेव्हा आम्ही दीड महिना जवळजवळ टोमॅटोशिवाय काढला. आमटीला आमसूल, रश्श्याला चिंचेचा कोळ, मुगाच्या डाळीला शेवटी लिंबू. कोकणातल्या घरांत आंबटपणा कायम असाच येत होता. कांदा महागला तर वाटणात कांदा निम्मा करून खोबरं आणि तीळ वाढवा.

पावसाळ्यात पालेभाजी महाग आणि चिखलाने भरलेली येते. तेव्हा पालघर-वसईकडून येणाऱ्या आदिवासी बायका स्टेशनबाहेर टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसतात. या भाज्या थोडे दिवसच मिळतात, कशा साफ करायच्या ते त्यांनाच विचारून घ्या, त्या मनापासून सांगतात.

पाहुण्यांसाठी दर आठवड्याच्या पाकिटातून उरलेले सुटे पैसे मी एका बरणीत टाकते. कधी तीस, कधी सत्तर. अचानक चार माणसं आली तर त्यातून अर्धा किलो चिकन येतं, आणि श्रावणात श्रीखंड. ठरलेल्या १,३०० ना हात लागत नाही.

शनिवारी निघण्याआधी फ्रिजच्या दारावरचा जुना कागद काढते, मागे काय उरलं आणि काय आवडलं ते दोन ओळींत लिहून वहीत चिकटवते. असे चार कागद जमले की पाचव्या आठवड्याला नव्याने विचार करावा लागत नाही, पहिला कागद परत लावायचा आणि बाजारात जे महाग आहे तेवढं बदलायचं. माझ्या वहीत सध्या उन्हाळ्याचे चार, पावसाळ्याचे पाच आणि थंडीचे चार कागद आहेत. थंडीचे सगळ्यात सोपे आहेत, तेव्हा वाटाणे आणि गाजरं स्वस्त असतात आणि मेथी तिसऱ्या दिवशीही ताजी राहते.